आखाजीचा मुऱ्हाळी

आधीच सांगतो, लिंबू-मिरची, उतारा, देवऋषी असलं कुणी सुचवू नका... मी मानत नाही. हैदराबादला पंप विकतो. मोजता येतं तेवढंच खरं, हा आपला हिशोब.

आम्ही जळगावचे. धाकटी बहीण सुमन धुळ्याला दिलेली. आमच्या खान्देशात आखाजीला — म्हणजे अक्षय्य तृतीयेला — लेकी झोके खेळायला माहेरी येतात, पण आपल्या आपण नाही. भावाने जाऊन आणायचं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. सुमनच्या सासूचा तर हुकूमच होता, मुऱ्हाळी आल्याशिवाय सून उंबरा ओलांडणार नाही. दोन वर्षं मला सुट्टी मिळाली नाही, दोन वर्षं ती तिथेच. त्या वर्षी फोनवर हळूच म्हणाली, "दादा, या खेपेला ने रे. मी परत येणार नाही. हे लोक मला जिवंत ठेवणार नाहीत."

विमानाचं तिकीट काढलं. हैदराबाद ते जळगाव पाचशे किलोमीटर तरी असेल, पण विमान दीड तासाच्या आत उतरवतं. पुढे धुळं जेमतेम शंभर, त्याला हायवेने दोन तास... अशी आमची तऱ्हा. दुपारी अडीचला विमान सुटलं. मी मोबाईल बंद करून झोपलो.

उतरल्यावर घरीही गेलो नाही. गाडी केली, सहाच्या सुमारास थेट धुळं. दार सासूनेच उघडलं.

"काय भाऊ, काही राहिलं का? तीनलाच तर गेले तुम्ही दोघं."

थेरडी खोटं बोलतेय म्हणून माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अरे, सुमन कुठंय? दुपारी तुझ्याबरोबर हसत गेली ना. किती दिवसांनी हसली बिचारी."

आत टीपॉयवर चहाची उष्टी बशी होती. त्या घरात बशीतून कुणी पीत नाही. मी पितो.

आईला फोन लावला. तिने उचलताच विचारलं, "कथालोंग उनात रे?" कुठवर आलात म्हणून; आमच्या अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे. मी म्हणे सुमनच्या मोबाईलवरून तीन वाजताच तिच्याशी बोललो होतो — "आई, सुमीला घेऊन निघालो, झोका बांधून ठेव." त्या वेळी मी विमानात झोपलेलो होतो.

सुमन आजतागायत सापडलेली नाही. पोलिसांनी सासरच्यांना आत घेतलं आणि काकूंच्या व आईच्या जबाबावर सोडलं. मला विमानामुळे सोडलं. सगळे सुटलो. ती सासू अजून भाजी घ्यायला बाजारात जाते, आणि मला काहीही करता येत नाही.

तुम्ही विचाराल, मग तो कोण होता? मला माहीत नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून झाला... काहीच जुळत नाही.

आई दर आखाजीला दारच्या कडुलिंबाला झोका बांधते. मी हजारदा सांगितलं, अगं मी वर होतो, विमानभर माणसं साक्षीला आहेत. ती म्हणते, "मना पोऱ्याना आवाज मी वळखस." मग माझ्यासमोर पुरणपोळीचं ताट ठेवते, शेजारी बसते आणि अगदी मायेने विचारते —

"सांग ना बापा. तिले कथा सोडी उना?"