धाकट्याचा डावा कान

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो.

आम्ही दोघे भाऊ कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवायचो. भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देत जायचे, त्याला आम्ही मठारकाम म्हणतो. ठोका देताना धाकटा डावा कान भांड्याकडे कलता ठेवायचा. पत्रा कुठे पातळ होतोय हे त्याला आवाजावरून कळे. मला कधीच कळलं नाही. गिऱ्हाईक माझा हंडा उलटसुलट करून म्हणायचं, "छान आहे हो. धाकटे कधी भेटतील?" माझी बायकोसुद्धा पूजेला त्याचाच तांब्या घ्यायची.

मग त्याला चक्कर येऊ लागली. डाव्या कानात घोंघावायचं, खोली फिरायची, ओकून ओकून तो भिंत धरून बसायचा. कान बंद व्हायचा आणि आठवड्याभरात पुन्हा उघडायचा. हे नेमकं मलाच ठाऊक होतं, कारण कामाला मी त्याच्या शेजारी बसायचो.

औषधांनी भागेना, तेव्हा ऑपरेशनची गोष्ट निघाली. तपासणीच्या दिवशी त्याला उभंही राहवत नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "आज या कानाला जवळजवळ काही ऐकू येत नाहीये. नेहमी असंच असतं, की मधे सुधारतं? सुधारत असेल तर कान राखून ऑपरेशन करू, पण चक्कर पुन्हा येऊ शकते. कान गेलाच असेल तर आतला तोल सांभाळणारा भागच काढू. चक्कर थांबेल, ऐकू येणं मात्र कायमचं जाईल."

"असंच असतं," मी म्हणालो. "आमच्या आळीत सगळेच बहिरे, साहेब."

डॉक्टर हसले. धाकट्यानं पडल्या पडल्या सही केली. "दादा म्हणेल तसं."

काही महिने तो भिंतीच्या आधारानं चालला, मग सावरला. चक्कर गेली. उजवा कान बोलण्यापुरता बरा होता, भांड्यापुरता नव्हता. ठोके वेडेवाकडे पडू लागले, एक-दोन हंडे फाटले. गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. त्या दिवाळीत मला बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवतो. तो मात्र सगळ्यांना सांगायचा, "दादा होता म्हणून वाचलो."

मागच्या वर्षी, तो देवाघरी जायच्या महिनाभर आधी, वारज्याला त्याच्या मुलाकडे गेलो ते हे सांगायचं ठरवूनच. तोवर उजवा कानही मंदावला होता. सून ओट्यापाशी पोहे परतत होती, मुलगा समोर बसला होता. हळू बोलून भागणार नव्हतं, माफी ओरडूनच मागावी लागणार होती.

धाकट्यानं खुर्ची जवळ ओढली. "काय म्हणतोस, दादा? मोठ्यानं बोल."

"गुडघे कसे आहेत?" मी ओरडलो.