चामटोलीच्या वाटेवरची टकटक

बाळांनो, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी आठला आम्ही कल्याणहून चामटोलीला माझ्या मावशीकडे निघालो. सोबत तुमच्या आजोबांची जुनीपुराणी गाडी, मावशीने मागवलेले नवे लाटणे आणि एक पैज. निघताच इंजिनात टकटक सुरू झाली. मी लायसन्स काढून वर्ष झाले होते, पण स्टिअरिंगला ह्यांनी हात लावू दिला नव्हता.

"बायकांना इंजिनाचं काय कळतंय? ह्याचा रोग ओळखलास, तर येताना गाडी तू चालव," हे म्हणाले.

उल्हासनगरला सिंधी निर्वासित अजून लष्करी बराकींतच राहत होते. तिथल्या मिस्त्रीने आधी आमच्यापुढे पापड आणि पाणी ठेवले. पाहुण्याचे स्वागत ते असेच करतात. मग काठीचे एक टोक इंजिनाला, दुसरे कानाला लावून तो ऐकू लागला.

"बेअरिंगच असणार," हे म्हणाले.

मिस्त्रीने काठी खाली ठेवली. "साईं, आप मालिक बोलते हैं तो बेअरिंग ही होगा. इंजन खोलना पड़ेगा."

अंबरनाथला शिवमंदिरापाशी ह्यांच्या ओळखीचे कारखान्यातले एक साहेब भेटले. त्यांनी बॉनेट न उघडताच 'टॅपेट', म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, सैल झाल्याचे निदान केले. ह्यांनी तत्काळ पक्ष बदलला. मी मंदिराच्या कोरीव भिंती सावकाश पाहून आले, तरी टॅपेटवरचे व्याख्यान चालूच होते. शेवटी मी बॉनेट उघडले आणि पिशवीतून लाटणे काढले.

"आता काय पोळ्या लाटणार?" ह्यांनी विचारले.

"तुम्ही इंजिन चालू करा. आणि बोलू नका."

लाटणे इंजिनाच्या मध्यावर टेकवले, तर नुसती घरघर. पुढे रेडिएटरकडे नेले, तशी टकटक खणखणीत. इंजिन बंद करवून वाकून पाहिले. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर, हार कुणी चोरू नये म्हणून ह्यांनी तो रेडिएटरमागच्या दांडीला तारेने आवळला होता. झेंडू गळून गेला होता. सुटलेली तार पंख्याला लागत होती. साहेबांना एकाएकी काम आठवले.

तार काढल्यावर बदलापूर आवाजाविना मागे पडले. चामटोलीला मावशीने तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. लाटणे मात्र उलटसुलट करून पाहिले.

"ह्याला काळं कसलं गं?"

"ग्रीस, मावशी."

"जावईबापू इंजिनं लाटतात वाटतं?"

परतताना गाडी मी चालवली. बदलापूरपुढे नवाच आवाज सुरू झाला: डाव्या बाजूने, खालून, धप्प. मी नीट लक्ष दिले. समोर बैलगाडी आली की यायचा, रस्ता मोकळा झाला की थांबायचा. तुमचे आजोबा त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत होते. पुढे मी कितीतरी वर्षे गाडी चालवली. त्या आवाजावर मात्र कुठल्याच मिस्त्रीकडे इलाज निघाला नाही.