निपाणी येईपर्यंत

आमच्या करी रोडच्या चाळीत गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी एक खोकला व्हायचा. तो चौथ्या मजल्यावरून निघायचा, जिन्याने खाली उतरायचा आणि नळावर बादल्या लावून बसलेल्या बायकांपर्यंत पोहोचायचा. पहिल्या पाळीचे कामगार घड्याळाकडे बघत नसत. खोकला झाला की उठत. त्या खोकल्याच्या धन्याला सगळी चाळ भोंगाकाका म्हणे. त्यांचे खरे नाव रेशनकार्डावर होते आणि ते तिथेच राहिले.

काका गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. उजव्या कानावर एक बिडी कायम खोचलेली. एक ओठात आणि एक कानावर, म्हणजे मधल्या वेळी जिवाला घोर नको. डॉक्टरांनी छातीला नळी लावून स्पष्ट सांगितले होते, की आधीच कापसाची धूळ, त्यात हा धूर. बिडी सुटली नाही तर पुढच्या शिमग्याला मुलूख दिसायचा नाही. काका घरी येऊन सांगत सुटले, की डॉक्टरांच्या टेबलावर सिगारेटचे पाकीट होते, त्यांना आधी कोणी तपासा. आम्ही हसलो. काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा सख्खा भाऊ असाच खोकत खोकत गेला होता आणि ते दुखणे पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी पाहिले होते. त्यांनी शपथा घातल्या, उपास केले, बंडले लपवली. काकांनी ती दरवेळी शोधून काढली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गोळीबारात आमच्या बाजूची पोरे गेली होती. चाळीत मीठ मागायला आलेला माणूसही मुंबई कोणाची ते बोलून जाई. मोर्चात घोषणा देण्याचा मान काकांचा. त्यांनी अर्धी घोषणा टाकायची, उरलेली लोकांनी उचलायची. एकदा लालबागहून शिवाजी पार्काकडे निघालो असताना काकांनी हात वर केला आणि आवाज लावला, ‘बेळगाव, कारवार, नि...’ आणि खोकल्याने गळा धरला. हात वर तसाच. मागे हजारो माणसे ‘झालाच पाहिजे’ म्हणायला तोंड उघडून उभी. शेवटी समोरच्या चाळीतल्या एका पोराने घोषणा पुरी केली आणि मोर्चा पुढे गेला. काका फूटपाथवर बसून राहिले. मी पाणी आणून दिले तर ते त्यांनी नुसते हातात धरले.

त्या गणपतीत गाऱ्हाणे घालायला काकाच उभे राहिले. आमच्या चाळीत सगळे कोकणातले, त्यामुळे देवाशी बोलणे मालवणीतच. एकाने मागायचे आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून त्यावर शिक्का मारायचा. गाऱ्हाण्यात बोललेला शब्द कोणाच्या बापाला मागे घेता येत नाही. काकांनी सगळ्यांच्या पोराबाळांचे मागून झाल्यावर घसा खाकरला. “बा देवा म्हाराजा, बेळगाव, कारवार, निपाणीसकट संयुक्त महाराष्ट्र होयपर्यंत ह्या तोंडाक बिडी लागाची नाय.”

“होय म्हाराजा,” आम्ही म्हणालो. सर्वांत मोठा आवाज काकींचा होता.

पहिले काही आठवडे चाळीने सोसले. काका नळावर भांडले, कॅरमवर भांडले, एकदा तर कावळ्याशी भांडले. हात सारखा कानाकडे जाई, म्हणून काकींनी तिथे लवंग खोचून दिली. खोकला हळूहळू बसला आणि पहिल्या पाळीचे निम्मे लोक झोपून राहिल्यामुळे उशिरा पोहोचले. त्यांनी काकांना मनापासून शिव्या घातल्या. पूर्वी काका जिन्यात प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबत, त्यामुळे घराघरातल्या बातम्या त्यांना ठाऊक असत. आता ते सरळ वर येऊ लागले आणि चाळीत काय चालले आहे ते त्यांना आमच्याकडून कळू लागले.

एके दिवशी बांगड्याचे कालवण जेवता जेवता त्यांनी काकींना विचारले, आज तिरफळे घातलीस की काय. काकी लग्न झाल्यापासून घालत होत्या. हे त्यांनी मला गॅलरीत येऊन सांगितले आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतरच्या मोर्चात काकांनी सगळी घोषणा एका दमात म्हटली. समोरच्या चाळीचा तो पोरगा मागे वळून बघत राहिला.

पण काकींचा घोर संपला नव्हता. महाराष्ट्र झाला की बिडी परत येणार, हे त्यांना दिसत होते. चाळ देवाकडे लवकर मागत होती. काकी मला हळूच म्हणायच्या, “होवंदे रे बाबू महाराष्ट्र, पण जरा दमान.”

आणि महाराष्ट्र झाला. त्या सकाळी चाळीला तोरणे लागली, पेढे वाटले गेले. काकांचे साच्यावरचे सोबती सावंत ताट घेऊन वर आले. ताटात पेढे आणि मधोमध हळदकुंकू वाहिलेले बिडीचे बंडल. सगळी चाळ दारात जमली. काकी मोरीच्या दाराशी पदर तोंडात धरून उभ्या. काकांनी एक बिडी उचलली, बोटांत फिरवली, डोळे मिटून वास घेतला. सावंतांनी काडी ओढली.

“बाबू,” काका मला म्हणाले, “तू पेपर वाचतस. निपाणी इली?”

मी म्हणालो, नाही. बेळगाव, कारवारही नाही.

सावंत म्हणाले, अरे, मुंबई आली ना, बाकीची गावे बोलण्याच्या ओघात येतात. काकांनी मान हलवली. “गाऱ्हाण्यात बोललंय. तुम्ही सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलात. हिच्यातली तमाखू निपाणीची. तमाखू इली, गाव येवचो रवलो.” आणि बिडी ताटात ठेवली. काडी सावंतांच्या बोटापर्यंत जळत आली. काकी मटकन खाली बसल्या आणि मग उठून त्यांनी सगळ्यांना दोन-दोन पेढे दिले.

काकांनी हे आधीच ठरवले होते की काय, असे मी त्यांना पुढे कितीदा विचारले. ते नुसते मिशीत हसायचे. पण सीमाभागाचे दुःख त्यांना खरे होते, आणि मोकळ्या श्वासाचे सुखही खरे होते. त्या श्वासावर त्यांनी नातवंडे खांद्यावरून चौथ्या मजल्यावर नेली आणि डॉक्टरांनी आशा सोडलेला माणूस म्हातारा होऊन झोपेतच गेला.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. काकींना सांभाळू म्हणून झाले, नातीचे लग्न थाटात करू म्हणून झाले. शेवटी काकांच्या पुतण्याने खिशातून बिडी काढून पिंडाजवळ ठेवली. कठड्यावरचे कावळे आणखी दूर जाऊन बसले. मी म्हणालो, “उचल ती. निपाणी कुठे आलीय अजून?” त्याने बिडी उचलली आणि आम्ही हात जोडायच्या आत कावळा शिवला.

घरी येऊन मी हे काकींना सांगितले. दहा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, खूप वेळ हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत राहिल्या.

“बाबू,” त्या म्हणाल्या, “आता येवंदे निपाणी. आता माझी काय हरकत नाय.”