हेल्मेटवर बसणारा ओरेस्ट

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या गावात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. ओरेस्ट बाबियुक आमच्या संघाचा सामानवाला. दिवसा धान्याच्या कोठारावर काम, संध्याकाळी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. एकतीस हिवाळे त्यानं आमच्या स्केट्सना धार लावली, फुटलेल्या भुवया दाबून धरल्या आणि वर शिव्याही घातल्या. डोक्याला मार बसलेल्याला बाकड्यावर प्रश्न विचारायचं कामही त्याचंच. आज कोणाशी खेळतोय? स्कोर काय? उत्तर बरोबर आलं तर जा, चुकलं तर बस.

पण आमच्यात एक रीत होती. शेजारच्यानं गुपचूप बोटांनी उत्तर दाखवायचं. त्याला आम्ही दोस्ती म्हणायचो. कसली बोडक्याची दोस्ती!

नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात व्हर्नन टकाच, आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, डोक्यानं कठड्यावर आदळला. ओरेस्टनं स्कोर विचारला. व्हर्नन नुसता बघत बसला. मी गुडघ्यावर तीन बोटं धरली, मग दोन.

"तीन-दोन," व्हर्नन म्हणाला आणि गेला. चार मिनिटांत त्याला दुसरा धक्का बसला. सामना आम्ही जिंकलो. व्हर्नन तेव्हापासून पडदे ओढून घरात असतो. उजेड सोसत नाही, मुलीचं नाव मधूनच विसरतो.

ओरेस्टनं मग प्रश्न विचारणंच सोडलं. कुणाच्या डोक्याला लागलं की तो त्याचं हेल्मेट काढून घ्यायचा आणि खुशाल त्यावर बसायचा. हेल्मेटशिवाय पंच बर्फावर येऊ देत नाहीत. दर रविवारी तो बटाटा भरलेल्या पिरोही घेऊन व्हर्ननकडे जायचा. मला वाटायचं, पाप माझं आणि भोगतोय हा. तरी नऊ वर्षं माझं तोंड उघडलं नाही.

यंदाच्या अंतिम सामन्यात माझ्याच कानशिलावर कोपर बसलं. माझं खेळायचं शेवटचं वर्ष, बरोबरी, सहा मिनिटं उरलेली. ओरेस्ट माझ्या हेल्मेटवर बसला.

"दे रे म्हाताऱ्या. मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत माणूस बाकड्याचं दार सोडून कठडा ढकलत नाही."

"निदान प्रश्न तरी विचार."

"प्रश्न गेले खड्ड्यात. बस खाली."

माझं डोकं फिरलं. "व्हर्ननचं माझ्यावर काढू नकोस. त्यात तुझी चूकच नव्हती. उत्तर मी दाखवलं होतं त्याला, बोटांनी."

ओरेस्टनं बर्फावरची नजर हलवली नाही. "माहीत आहे. तुझी बोटं मला दिसली होती," तो म्हणाला. "मलाही तो सामना जिंकायचा होता."

मी खाली बसलो. सहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही हरलो.

त्या रविवारी पिरोहींचं पातेलं मी धरलं. व्हर्नन अंधाऱ्या खोलीत आरामखुर्चीत होता. त्यानं विचारलं, "काय झालं सामन्याचं?"

"हरलो," ओरेस्ट म्हणाला. "ह्याच्या डोक्याला लागलं. मी बसवून ठेवला."

व्हर्नन शांतपणे म्हणाला, "मलापण बसवायचं होतंस."

"हो," ओरेस्ट म्हणाला.

माझ्या हातातलं पातेलं जड झालं. ते खाली ठेवून मी व्हर्ननसमोर बसलो आणि माझ्या बोटांबद्दल सगळं सांगितलं.