खिंडीवरचा रेडिओ

२००५च्या उन्हाळ्यात मी कोलोरॅडोत एका छोट्या सोलर कंपनीत काम करत होते. एमएसला सुट्टी होती. डोंगरात बारा हजार फुटांवर एक खिंड होती, तिथे बचाव पथकासाठी रेडिओ यंत्रणा उभी करायची होती. खालच्या दरीत मोबाइलला रेंज नसे. दरीतला आवाज पकडून हे यंत्र तो पलीकडच्या गावात पोचवणार होतं. तिथे वीज कुठून येणार? म्हणून सोलर पॅनेल. बॅटऱ्या खेचरांवरून आधीच वर गेल्या होत्या.

आदल्या हिवाळ्यात त्याच दरीत एक मराठी मुलगा बर्फाच्या वादळात वाट चुकला आणि थंडीने गेला. पूर्व किनाऱ्यावरच्या पार्सिपनीचा, माझ्याच वयाचा. मी त्याला ओळखत नव्हते. आमचा गोरा फोरमन बचाव पथकातही होता. मुलगा सापडला तो त्यालाच. काम सुरू होतंय हे त्याने मुलाच्या आईवडिलांना कळवलं आणि ते दोघं आले.

"मराठी ना गं तू?" गाड्या लावल्या होत्या तिथे काकूंनी विचारलं. "आम्ही वर येतोय. तुमची अडचण होईल का?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

झाडं विरळ होऊ लागली तिथेच काकांना धाप लागली, गरगरायला लागलं. फोरमनने त्यांना थांबवलं. "याला सांग, मला जायचंय," काका मला म्हणाले. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुम्ही गाडीत बसा. मी जाऊन येते."

फोरमन त्यांना खाली सोडून आला. त्यांना आता बरं वाटतंय, हातात एक रेडिओ देऊन ठेवलाय, असं म्हणाला.

वर वारा इतका होता की पॅनेल हातातून सुटू पाहत होतं. मी एका बाजूने धरलं, काकूंनी न सांगता दुसरी बाजू धरली. फोरमनने बोल्ट आवळले. मग त्याने टोपी काढली आणि मुलगा सापडला त्या खालच्या फरच्या झाडांकडे हात केला. काकू बराच वेळ तिकडे बघत राहिल्या.

"जॅकेट अंगात होतं का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"होतं. चेन गळ्यापर्यंत लावलेली होती."

त्यांनी मान हलवली.

तारा जोडून झाल्यावर यंत्र सुरू झालं. चाचणी घ्यायची होती; फोरमनने रेडिओ काकूंच्या हातात दिला.

"अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय." काकांचा आवाज अगदी स्वच्छ आला. "दिसतंय का तुला?"

"दिसतंय. जॅकेट होतं अंगात. चेन लावलेली."

मग काका म्हणाले, "बरं."

दुपारी शिखरावर ढग जमले. विजेच्या भीतीने आम्ही हत्यारं भराभर आवरली. उतरताना काकूंनी माझा दंड धरला होता, गाडीपर्यंत सोडला नाही. काका ट्रकच्या पायरीवर बसले होते. काकू शेजारी जाऊन बसल्या. मी आणि फोरमन उगाच दोर गुंडाळत राहिलो.

एमएस संपल्यावरही मी २००८पर्यंत त्याच कंपनीत होते. गारांनी पॅनेलांवर चरे पडले, पण ती चालत राहिली. दिवाळीला काकूंचा फोन यायचा. "वर बर्फ पडलं का गं?" एवढंच विचारायच्या. काका मात्र एकदाही फोनवर आले नाहीत.