हाताने पाहायचं चित्र

माझ्या काकूला कोणी चित्रकार म्हटलं की ती म्हणते, "छे, मी चादरी धुणारी बाई." आणि ते खरंच आहे. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात तिची हयात गेली. चादरी उकळायच्या, पिळायच्या, खळ द्यायची, इस्त्री करायची. तिच्या बोटांची कातडी कायम भिजल्यासारखी सुरकुतलेली असते.

ब्रश तिने हातात घेतला तो काकांची नजर जायला लागली तेव्हा. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, मग सगळाच अंधार. मी तिला तोंडावर म्हटलं होतं की बघणारा माणूस आंधळा होतोय आणि तुला चित्रं कसली सुचतायत. ती रागावली नाही. म्हणाली, त्यांना सांगायचं तर मला नीट बघायला हवं, आणि काढल्याशिवाय मला नीट बघता येत नाही.

आमच्या गावात हौशी चित्रकारांचं मंडळ आहे. दरवर्षी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्यांचं मिळून एक प्रदर्शन भरतं. अध्यक्ष आहेत दातांचे डॉक्टर. ते सूर्यास्त काढतात. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा सूर्यास्त शेजारी ठेवला तर त्यांचा त्यांना ओळखू यायचा नाही, पण दर्शनी भिंत त्यांचीच. काकूचं चित्र जिन्यापाशी, खांबाच्या आडोशाला. तिला त्याचं काही नव्हतं. मला होतं.

काका न चुकता यायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. येणारे-जाणारे त्यांना सांगायचे, वहिनींनी यंदा होड्या काढल्यात, यंदा बाजार काढलाय. काका मान हलवायचे. आपल्या बायकोने काय काढलं ते परक्यांकडून ऐकायचं, हे काकूच्या मनाला फार लागायचं. एक वर्ष तरी त्यांनी स्वतः बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आमच्या खोल्यांच्या मागे पूर्वी वाळूचा पट्टा होता. काका तिथे होड्यांना डांबर लावायचे. दुपारी काकू सुटून आली की दोघं उलट्या होडीच्या सावलीत बसून जेवायचे. त्यांचा संसार चार भिंतींत कमी आणि त्या वाळूवर जास्त झाला. मग वरून हुकूम आला आणि त्या पट्ट्यावर काँक्रीटची भिंत उभी राहिली, गुळगुळीत, लांबच लांब. काका आता संध्याकाळी तिच्यावर हात टेकवत फिरायला जातात. काम सुरू व्हायच्या आधी काकूने तिथली वाळू डबा भरून आणून ठेवली होती. म्हातारीला वेड लागलं, असं शेजारी म्हणाले.

त्याच वाळूचं तिने यंदा एका लाकडी फळीवर चित्र केलं. वरच्या बाजूला बारीक, कोरडी वाळू. पाण्याजवळ जाडी, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली. ओहोटीनंतर उमटतात त्या लाटांच्या रेघा तिने केसांच्या फणीने ओढल्या. उलटी होडी उंचवट्यासारखी हाताला लागावी अशी उभारली. आणि हे सगळं चिकटवलं कशाने, तर चादरींना देतात त्या खळीने. तिच्या हाताला तीच ठाऊक. हे चित्र काकांनी हात लावून बघितलं तर चालेल का, असं तिने डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं होतं. ते हो म्हणाले होते. ऐकून घेतलं होतं की नाही, देव जाणे. काकांना मात्र तिने पत्ता लागू दिला नाही. डबा खरवडून रिकामा झाला तेव्हा चित्र पुरं झालं.

आता मंडळाची एक रीत आहे. हॉलच्या खिडक्या समुद्राकडे, त्यामुळे वाऱ्याबरोबर रेती आत येते आणि चित्रांवर बसते. म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सभासद जमून सगळी चित्रं ओल्या फडक्याने पुसून घेतात. त्या दिवशी काकू कामावर होती. डॉक्टरांनी तिचं चित्र पाहिलं, बाईंच्या चित्रावर केवढी ही रेती म्हणून हळहळले, आणि स्वतः बाह्या सरसावून बसले. फडक्याने निघेना तिथे ब्रश घेतला. दात घासावेत तशी एकेक फट घासून काढली. पाणी लागल्यावर खळ कसली टिकतेय? खालचा फिकट पिवळा रंग तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिना चढून वर आलो आणि काकू थबकली. काकांना दाराजवळच्या खुर्चीत बसवून मी डॉक्टरांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला गाठलं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लगेच म्हणाले की खळीने चिकटवायचं म्हणजे जरा कच्चंच काम, आणि वाळूला काय तोटा आहे, पलीकडच्या खाडीवर ट्रकने मिळते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा माणसांच्या देखत मी त्यांना नाही नाही ते बोलले आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

तेवढ्यात काकूने काकांना खुर्चीतून उठवलं, खांबामागे नेलं आणि त्यांचा हात धरून फळीवर ठेवला. आम्ही सगळे मागोमाग गेलो. मला वाटलं, ही आता काय करतेय. काकांची बोटं वरून खाली फिरली, आडवी फिरली. त्यांचा चेहरा उजळला.

"भिंत काढलीस होय? आपल्या मागची," ते म्हणाले. "हुबेहूब जमलीय गं."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. बघा, त्यांना आवडलं, असं ते आजूबाजूच्यांना सांगू लागले. सगळे काकूकडे बघत होते. तिने नुसतं हो म्हटलं असतं तर सगळ्यांचीच सुटका झाली असती, काकांचीसुद्धा.

"भिंत नाही," काकू म्हणाली. "तुमच्यासाठी आपला किनारा केला होता, तिथल्याच वाळूचा. या लोकांनी काल पुसून टाकला."

काकांचा हात फळीवर तसाच राहिला.

"सगळा?" त्यांनी विचारलं.

"सगळा."