दरवर्षीचा राजीनामा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, रोमचा पहिला सम्राट स्वतःला राजा म्हणवत नव्हता, मग सगळी सत्ता त्याच्या हाती आली कशी? मी जन्मभर हाच इतिहास इंग्रजीतून शिकवला, त्यामुळे उत्तर दहा मिनिटांत दिलं. एक गोष्ट मात्र गाळली. ती लिहून कळवते, कारण फोनवर ती माझ्या तोंडून निघाली नसती.

इथे आमच्या गल्लीत बायकांचं एक वाचक मंडळ आहे, बुधवारी दुपारी भरतं. अकरा वर्षं मी त्याची अध्यक्ष आहे. दर वार्षिक सभेला मी उठायचे आणि म्हणायचे, आता वय झालं, दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. मग सगळ्या 'नको, नको' करायच्या, एक जण माझ्यावर चार ओळी रचून आणायची, मी नाइलाज दाखवत मान्य करायचे आणि चहा-भडंग व्हायचं.

गेल्या वर्षी मंडळात मी त्या सम्राटावर व्याख्यान दिलं. यादवी युद्ध जिंकून आलेल्या या माणसाने एके दिवशी सिनेटसमोर उभं राहून आपले सगळे अधिकार परत केले. सभासदांनी गयावया केली, तेव्हा त्यातले बहुतेक पुन्हा घेतले. जुन्या पदांची नावं ठेवली, निवडणुका ठेवल्या, स्वतःला नुसता पहिला नागरिक म्हणवून घेतलं. त्याचा एक श्रीमंत मित्र कवींना सांभाळायचा, आणि खरोखर चांगले कवी नव्या राजवटीचे गोडवे गायचे. बायका रंगून ऐकत होत्या. पहिल्या रांगेत बसणारी एक निवृत्त नर्स वहीत उतरवून घेत होती.

महिन्याभराने, वार्षिक सभेच्या आधी, ती नर्स माझ्याकडे आली. मंडळ रविवारी भरवावं, म्हणजे कामाला जाणाऱ्या बायकांनाही येता येईल, असं तिचं म्हणणं होतं. त्यासाठी यंदा अध्यक्षपदाला उभं राहायचं तिच्या मनात होतं. माझी हरकत नाही ना, एवढं विचारायला ती आली होती.

"हरकत कसली? मी तर दरवर्षी सोडायला तयारच असते," मी म्हटलं.

सभेत मी नेहमीसारखी उठले. आवाज जरा जास्तच थकलेला काढला. तिचं नाव घेतलं नाही. इतकंच म्हणाले की मंडळाचं एक वळण आहे, ते पुढेही जपलं जावं. वळण हा शब्द मी विचार करून निवडला होता. ती बौद्ध आहे, मंडळात तशी एकटीच. त्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पण बाकीच्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि मी त्याचा उपयोग करून घेतला. बायका 'नको, नको' म्हणाल्या. चार ओळी वाचून झाल्या. बोलायला म्हणून अर्धवट उठलेली नर्स खाली बसली.

जाताना चपला घालता घालता ती हळूच म्हणाली, "बाई, त्या राजानं असंच केलतं न्हवं? तुम्हीच शिकवलंसा की."

त्यानंतर ती मंडळात आली नाही. रविवारी स्वतःच्या घरी तिने दुसरं मंडळ सुरू केलं. माफी मागायला जायचा धीर गोळा करण्यात माझे चार महिने गेले. वाक्य पाठ करून गेले होते. तिने चहा दिला, आणि माझ्या तोंडून आलं, काही गैरसमज झाला असेल तर...

"गैरसमज कुठला, बाई. मला चांगलं कळलं हुतं," ती म्हणाली. मग हसून म्हणाली, "रविवारी या. तोच धडा आमच्या बायकास्नी सांगा. आणि शेवटाला आपल्या सभेत काय झालं तेबी सांगा."

मी गुडघ्यांचं कारण दिलं. तिने रिक्षा थांबवून मला हात धरून बसवलं. त्या रविवारी मी गेले नाही, नंतरच्या एकाही नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा वार्षिक सभा आहे. या वेळी राजीनामा आधीच, लेखी द्यायचा आणि ती आता येत नसली तरी त्यात तिचंच नाव सुचवायचं, असं ठरवलं. कागद लिहून तयार आहे. सही करताना मनात आलं, कुणीतरी हा परत घेऊन माझी समजूत घालायला येईल का? म्हणून तो अजून माझ्याच टेबलावर पडून आहे.